डावीकडचं सातवं वल्हं

शाळा सुटल्याची घंटा पुरती वाजायच्या आत नागिसा ओची उतारावर पोचलीसुद्धा होती. इंग्रजीच्या मास्तरांची खोली खालच्या जुन्या इमारतीत. पाठीवर दप्तर उड्या मारतंय, हातात शब्दांच्या चिठ्ठ्या ओवलेलं कडं, आणि तोंडाने एकच घोकणं चाललेलं. "नमस्कार, मी आपणांस एक विनंती करू इच्छिते. नमस्कार, मी आपणांस..." संत्र्याच्या बागेतून एका बाईंनी हाक मारली, "अगं, पडशील धडपडून!" तर हिने त्यांनाही इंग्रजीतच नमस्कार ठोकला. आज विचारायचंच, असं पक्कं ठरवून स्वारी निघाली होती.

कामही तसंच होतं. आमच्या बेटावर वस्त्या दोन, एक वरची आणि एक किनाऱ्याची. उन्हाळ्यातल्या जत्रेला दोघींच्या होड्यांची शर्यत लागते. किनाऱ्याच्या वस्तीची होडी त्सुबामे, म्हणजे पाकोळी. नाव उगाच नाही ठेवलेलं, सुटली की सुटली! चौदा वल्ही, सात डावीकडे, सात उजवीकडे, मागे ढोल आणि सुकाणू. पण वल्हवायला माणसं नकोत का? पोरं शिकायला ओसाकाला जातात ती तिथलीच होतात. दोन वर्षं त्सुबामे शर्यतीत उतरली नव्हती, कारण एक जरी जागा रिकामी असली तरी शर्यतीत होडी सोडायची नाही, हा आमचा पूर्वापार दंडक. आणि यंदा उतरली नाही, तर ती मोठ्या बेटावरच्या वस्तुसंग्रहालयात ठेवायची, असं जत्रेच्या समितीने ठरवून टाकलं होतं. तिथली माणसं येऊन टेपने होडी मोजूनही गेली. नागिसाचे आजोबा तोकुजी ओची हे त्सुबामेचे ढोलकरी. मोजणी चालू असताना ते बाजूला उभे राहून छान हसले, माणसांना जवाचा गार चहा दिला. घरी आल्यावर मात्र ताटाला शिवले नाहीत.

यंदा ओढूनताणून तेरा माणसं जमली होती. त्यांतली निम्मी पासष्टीच्या पुढची, पण जमली होती. अडत होतं ते डावीकडच्या सातव्या वल्ह्याशी.

तोड काढली ती शिगेओकाकांनी. हे आमचे टोफूवाले, पहिलं वल्हं यांचं, आणि आवाज असा की समोरच्या बेटावरच्या माणसाला उधारी नको म्हणून सांगावं.

"त्या तोरेबा सरांचे खांदे बघितलेत कधी? दाराएवढे आहेत दाराएवढे! बसवा की त्यांना!"

तोरेबा सर म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवायला आलेले कॅनडाचे ट्रेवर. ट्रेवर म्हणायला आमची जीभ वळत नाही.

"बसवा काय बसवा? त्यांना सांगणार कोण?" कुणीतरी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना एकदम नागिसाकडे वळल्या.

"नागिसा-चान, तुला इंग्रजीत ब्याण्णव मार्क ना गं?"

होते ना. ब्याण्णव होते. पण मार्क वेगळे आणि बोलणं वेगळं, हे त्या बिचारीलाच ठाऊक. प्रकाशसंश्लेषणाला इंग्रजीत काय म्हणतात, ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल. रोजच्या साध्या शब्दांपाशी मात्र तिची गाडी रुतायची. एकदा ट्रेवर सरांच्या खोलीत पंखा लावायचा होता. भिंतीतल्या विजेच्या भोकांना आम्ही सगळे कन्सेंट म्हणतो, आणि शब्द तर अस्सल इंग्रजी वाटतो. हिने विचारलं, "सर, कन्सेंट कोठे आहे?" सर उठून उभे राहिले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "कुणाची संमती हवीय तुला? घरी काही झालंय का?" दुसऱ्या वेळी तिने सांगितलं की ओसाकाची मावशी मॅन्शनमध्ये राहते. मॅन्शन म्हणजे इंग्रजीत हवेली, आमच्याकडे मात्र साधा फ्लॅट; मावशीचं आपलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, सातव्या मजल्यावर. सरांनी डोळे मोठे केले, "बाप रे, नोकरचाकर किती आहेत?" आणि कुणी दार धरलं, पेन उचलून दिलं की हिच्या तोंडून धन्यवादाच्या जागी 'सॉरी' निघायचं, कारण आमच्याकडे आभार मानतानाही माफीचाच शब्द वापरतात. शेवटी सरांनी काळजीने विचारलं, "नागिसा, तू सारखी माफी का मागतेस? केलंयस तरी काय?"

अशा वेळी ती लाजेने लालबुंद व्हायची, आणि घरी आली की त्याच गोष्टी आजोबांना सांगून दोघं पोट धरधरून हसायची. चुकायची म्हणून खचायची नाही पोरगी. उलट प्रत्येक चुकीची नवी चिठ्ठी कड्यात ओवायची.

पण शब्द चुकला तर निस्तरता येतो. खरी गोम वेगळीच होती. कड्यात 'हवं असणे' या क्रियापदाची चिठ्ठी होती, आणि तिच्यामागे उदाहरण होतं, 'राष्ट्राला शांतता हवी आहे.' राष्ट्राला हवी असेल हो, पण 'मला हे हवंय' असं तोंड उघडून सांगायची वेळ नागिसावर कधी आलीच नव्हती. इंग्रजीत नाही, तशी घरीही नाही. आमच्याकडे मागणं म्हणजे समोरच्याला कोंडीत धरणं. त्याच्यावर 'नाही' म्हणायची पाळी आणायची नाही, म्हणून आपण आपलं कडेकडेने जायचं. भात हवा असला की रिकामा वाडगा जरासा पुढे सरकवायचा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात ना, आमच्याकडे तो शब्दही अर्धाच द्यायचा.

तर ही अशी नागिसा शिगेओकाकांनी दिलेल्या टोफूची पिशवी घेऊन सरांच्या खोलीत शिरली. सर खिडकीपाशी वह्या तपासत होते.

"हे अत्यंत बेचव टोफू आहे," ती वाकून, आपल्या भेटीला आपणच नावं ठेवायच्या आमच्या रीतीने म्हणाली, "कृपया भक्षण करावे."

"बेचव आहे?" सरांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "बरं. थँक्यू."

"आमच्या वस्तीत एक होडी आहे. ती फार प्राचीन आहे."

"त्सुबामे ना! पाहिलीय मी. झकास आहे."

नागिसाला असा हुरूप आला म्हणता! "तिच्यात चौदा मनुष्ये बसतात. यंदा तेरा मनुष्ये आहेत."

"अरेरे, एकच कमी."

"होय. माझे आजोबा किंचित दुःखी आहेत."

"असणारच."

"आपले खांदे," नागिसाने घसा साफ केला, "फार भव्य आहेत."

सर खो खो हसले. म्हणाले की कॉलेजात असताना तेही होडी वल्हवायचे, आणि मग खांद्याला हात लावून, तोंड वाकडं करून बरंच काही सांगत सुटले. त्यातलं 'वल्हवायचो' एवढंच नागिसाला कळलं, आणि तेवढ्यावरच तिच्या मनात फटाके फुटायला लागले. पुढचं सगळं डोक्यावरून जात होतं. पण मोठं माणूस बोलत असताना गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून ती प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिली. "होय. होय. असे आहे काय. होय." सर थांबले तसं तिने शेवटचं पाऊल टाकलं.

"शर्यत जत्रेच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता. हवा फार सुखद असते. जर आपण, त्या वेळी, तर..."

आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. अर्धं सोडलेलं वाक्य हीच आमच्याकडे पुरी विनंती असते.

"येणार! नक्की येणार!" सर म्हणाले. "चुकवतोय होय!"

नागिसा इतकी वाकली की कपाळ टेबलाला लागता लागता राहिलं. मग जी धावत सुटली, ती थेट किनाऱ्यावर. "येतो म्हणाले! स्वतः म्हणाले, नक्की येणार! आणि ऐका ना, कॉलेजात वल्हवायचे म्हणे!" शिगेओकाकांनी तिथल्या तिथे नाच केला. आजोबा ढोलावरचं कापड काढून कातडं पुसायला बसले.

आता तुम्ही म्हणाल, अहो, पण विचारलं कुठे हिने? तेच तर! ताकाला गेली, आणि भांडं लपवायचं सोडून घरीच ठेवून आली. पण हे तेव्हा किनाऱ्यावर कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या मते तिने अगदी रीतसर विचारलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सराव सुरू झाला. सरांचा पत्ता नाही. दोन दिवस गेले, चार गेले.

"शाळेत काम असेल," एक जण म्हणाला.

"खांदे बघितलेत ना? त्यांना कशाला लागतोय सराव!" शिगेओकाका म्हणाले.

पण आठवडाभराने मात्र सर आले. बंधाऱ्याच्या भिंतीवर पाय सोडून बसले आणि शेवटपर्यंत टक लावून बघत राहिले. आमची माणसं काय खूश झाली! "अभ्यास करतायत, अभ्यास. नजर बघ, कशी वल्ह्यावरून हलत नाही." होडी काठाला लागली तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला, त्यांनी सगळ्यांना केला आणि शीळ घालत ते घरी गेले. 'या की होडीत' एवढं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. यायचं असतं तर ते आपणहून आले असते, नाही का?

सातव्या जागेवर तोवर नागिसाच बसत होती. होडी एका अंगाला कलू नये, म्हणून काहीतरी वजन हवं होतं. "तू बैस गं तात्पुरती," शिगेओकाका म्हणाले होते. "दगड ठेवण्यापेक्षा तू बरी. वल्हं नुसतं पाण्यात लोंबकळू देऊ नकोस म्हणजे झालं."

लोंबकळू देते होय ती! आजोबांच्या ऑक्टोपस पकडायच्या लहान होडीवर तिचं सगळं लहानपण गेलेलं. प्राथमिक शाळेत जायच्या आधीपासून हातात वल्हं. सातव्या जागेच्या पाठीशी लगेच ढोल. ढोलाचा प्रत्येक ठोका आधी तिच्या पाठीत शिरायचा, मग हातात उतरायचा आणि मग पाण्यात. चौदा वल्ही एकदम पडली की होडी पाण्यातून अशी उचलली जायची की हिला आपोआप हसू फुटायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावरही अंग डुलत राहायचं. मला हे हवंय, असं तिच्या मनात यायचं, आणि आलं की ती कूस बदलायची. जागा सरांची होती. शिवाय त्सुबामेत पोरी बसत नाहीत असा नियम नसला, तरी बसल्याही नव्हत्या कधी. आणि पुढच्या वसंतात तर ती ओसाकाला जायची होती, शिकायला, त्याच मावशीच्या मॅन्शनमध्ये.

आणखी एक गोष्ट तिला टोचायची. आजोबा ढोलामागून सगळ्यांचा उद्धार करायचे. "शिगेओ, वल्हवतोयस की टोफू ढवळतोयस!" "अरे तिसऱ्या, झोपलास काय!" कुणाला सोडायचे नाहीत. फक्त नागिसाला कधी एक शब्द नाही. बरोबर आहे, तिला वाटायचं, दगडाला कोण रागावतं?

जत्रेची सकाळ उजाडली. किनाऱ्यावर ही गर्दी! भाजलेल्या मक्याचा वास, किसलेल्या बर्फाच्या टपऱ्या, लाल-पांढरे पडदे, आणि समितीच्या अध्यक्षांचा कर्णा सारखा खरखरणारा. बोटीने परगावची माणसंही उतरली होती. वस्तुसंग्रहालयाचे साहेब सावलीतल्या खुर्चीवर येऊन बसले होते, हातात पंखा. त्सुबामे वाळूवर तयार, तिच्या टोकाला ताजी दोरी बांधलेली. तेरा माणसं कपाळाला निळे पट्टे बांधून उभी. चौदावा पट्टा नागिसाच्या हातात होता, सरांना बांधायला. ती टाचा उंचावून उंचावून रस्त्याकडे बघत होती.

"आले! आले!" ती ओरडली.

आले खरे. डोक्यावर ही भलीमोठी गवती टोपी, गळ्यात कॅमेरा, एका हातात बर्फाचा वाडगा, आणि काखेत घडीची खुर्ची. बंधाऱ्यावर छानपैकी जागा पाहून सरांनी खुर्ची उघडली, तिच्यात बसले, आणि नागिसाला पाहून जोरजोरात हात हलवला.

किनाऱ्याची वस्ती गार पडली.

"खुर्ची?" शिगेओकाकांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "होडीत खुर्ची कशाला लागते त्यांना?"

एका क्षणात नागिसाला सगळं लख्ख दिसलं. खिडकीपाशी वह्या तपासणारे सर, बेचव टोफू, भव्य खांदे, सुखद हवा. आपण त्यांना सगळं सांगितलं, एक सोडून. ती मागे वळली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनाही कळलं. त्यांनी शांतपणे ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या, आणि सावलीतल्या त्या साहेबांकडे बघून थोडंसं हसले. तेच मोजणीच्या दिवशीचं हसू.

ते हसू पाहिलं आणि पोरीचं डोकंच फिरलं. अनवाणी, तापलेल्या वाळूतून, माणसांना ढकलत ती बंधाऱ्याकडे धावली. कर्णा ओरडत होता, "किनाऱ्याच्या वस्तीने होडी पाण्यात आणावी! वरची वस्ती तयार आहे!"

"सर!" ती धापा टाकत समोर उभी राहिली. घोकलेलं सगळं उडून गेलं होतं. आपणांस, कृपया, इच्छिते, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. "सर, या! होडीत! वल्हवा! आम्हाला तुम्ही हवे!"

अख्ख्या किनाऱ्यासमोर, एका मोठ्या माणसाकडे, हात पुढे करून. तिच्या सात पिढ्यांत कुणी असं मागितलं नसेल. तिचे कान पेटले होते.

सरांनी बर्फाचा वाडगा खाली ठेवला. आधी हसले, मग त्यांचा चेहरा पडला.

"मी? वल्हवायचं? नागिसा, मला नाही येता यायचं." त्यांनी सदऱ्याचा गळा बाजूला केला. खांद्यावर लांबलचक व्रण होता. "ऑपरेशन झालंय. वल्हं धरलं तर हात निखळेल. तुला सांगितलं होतं की मी त्या दिवशी. तू होय, होय म्हणालीस."

म्हणाली होती खरी. होय, होय, असे आहे काय. ते आठवून नागिसाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी नाही म्हटलं होतं, तोंडावर, स्वच्छ. आजवर तिला असं 'नाही' कुणी म्हटलं नव्हतं. आणि गंमत अशी की ती मेली नाही, सर रागावले नाहीत, आकाशही कोसळलं नाही.

"सॉरी," ती पुटपुटली आणि परत फिरली.

"अगं थांब! मला एक कळत नाही." सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "माझी कसली गरज आहे तुम्हाला? मी पाहिलंय ना सगळं, भिंतीवर बसून. त्या जागेवर तूच होतीस. आणि चांगली वल्हवतेस. त्या टोफूवाल्यापेक्षा चांगली! तुला बसायचंय का?"

"होय, होय," नागिसाने सवयीने मान हलवली.

"हे होय खरं आहे, की माझ्या खांद्याच्या वेळचं?"

नागिसाने किनाऱ्याकडे पाहिलं. कर्णा खरखरत होता. खाली वाळूत तेरा माणसं, पाठमोरे आजोबा, आणि ती त्सुबामे. कड्यातली ती चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर आली, राष्ट्राला शांतता हवी आहे. बोंबलायला गेलं राष्ट्र!

"मला हवंय," ती म्हणाली. इंग्रजीत. लहान, साधे शब्द. मग मोठ्याने, "मला वल्हवायचंय!"

"मग मला काय सांगतेस?" सर हसून ओरडले आणि किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "त्यांना सांग!"

बंधाऱ्यावरून होडीपर्यंतचा रस्ता ती कशी आली, तिला आठवत नाही. आजोबा होडीच्या टोकाची दोरी सोडायला वाकले होते.

"आजोबा!"

ते वळले. आता पाळी आपल्या भाषेची होती, आणि ती तर शंभरपट अवघड. इंग्रजीत बोललं की वाटतं, कुणीतरी दुसरंच बोलतंय. इथे लपायला जागा नव्हती.

"मी बसते. सातव्या वल्ह्यावर. वजन म्हणून नाही. मला बसायचंय, आजोबा. पहिल्या दिवसापासून बसायचंय."

समितीच्या मंडपातून एक आवाज आला, "मुलगी? त्सुबामेत?"

"महिनाभर बसतेय ती!" शिगेओकाका गरजले, त्यांचा आवाज परत आला होता. "बुडाली का होडी? नाही ना? मग बसा गप!"

आजोबा मात्र तिच्याकडे बघतच राहिले.

"मला वाटत होतं," ते हळू म्हणाले, "तुझ्या परीक्षा आहेत. तुला जायचंय. मी मागितलं असतं तर तू नाही म्हणू शकली नसतीस. म्हणून मी... रोज ढोल वाजवताना वाटायचं, आज म्हणेल, आज म्हणेल."

"आणि मी तुमच्या विचारण्याची वाट बघत होते! मला वाटलं, तुम्ही मला धरतच नाही जमेला. सगळ्यांना शिव्या घालता, मला एकही नाही!"

"शिवी घालायला जागा तर ठेवायचीस!" म्हातारा एकदम खेकसला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सगळ्या होडीत एक वल्हं धड पडतं, ते तुझं! बांध तो पट्टा! बघत काय उभी राहिलीस!"

मग काय सांगू! चौदा जणांनी त्सुबामेला हात घातला आणि "योइशा! योइशा!" करत होडी पाण्यात गेली. दोन वर्षं शर्यतीची तहानलेली होडी ती. बंधाऱ्यावरची माणसं उभी राहिली. सर खुर्चीवर चढून टोपी फिरवत होते, आणि बर्फाचा वाडगा कधीच लवंडला होता.

इशाऱ्याचं निशाण पडलं. धाडकन ढोल वाजला, नागिसाच्या पाठीत शिरला, हातातून पाण्यात गेला. पहिल्या दहा-बारा ठोक्यांतच वरच्या वस्तीची होडी पुढे निघून गेली. त्यांची पोरं तरणीबांड, आमचं तिसरं वल्हं दम्याचं. पण पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालायचा होता, आणि तिथे डावीकडचं शेवटचं वल्हं होडीला फिरवतं. "नागिसा!" आजोबांचा आवाज आला. "झोपलीस काय! ओढ! दंड काय शोभेला आणलेत? ओढ, गाढवे!" आयुष्यातली पहिली शिवी! नागिसाला असा चेव चढला की तिने दात खाऊन, अंग मागे टाकून, सगळा समुद्र जवळ ओढावा तसं वल्हं ओढलं. त्सुबामे जागच्या जागी वळली. वरची वस्ती लांबचा वळसा घेत होती, तिच्या आतून आम्ही सुटलो. दोन्ही होड्या टोकाला टोक. पाणी तोंडावर, डोळ्यांत मीठ, ढोल लागलेला, शिगेओकाका गाणं म्हणतायत की रडतायत ते कळेना. नागिसा ओरडत होती. काय ओरडत होती, कुठल्या भाषेत, देव जाणे.

अर्ध्या होडीने हरलो. पण किनाऱ्यावर बघणाऱ्याला पटलं नसतं. वरच्या वस्तीची पोरं स्वतःचं जिंकणं सोडून आमच्या होडीवर पाणी उडवत होती. सावलीतले साहेब पंखा विसरून टाळ्या पिटत होते, आणि मग समितीच्या अध्यक्षांच्या कानाशी जाऊन म्हणाले की ही होडी कुठे ठेवायची असेल, तर पाण्यातच ठेवा. ट्रेवर सर कमरेएवढ्या पाण्यात उतरून आले. नागिसा त्यांच्यासमोर वाकली. तोंडातून सवयीने 'सॉरी' निघणार होतं, ते तिने जिभेवरच धरलं.

"थँक्यू," ती म्हणाली. "आणि ते टोफू बेचव नव्हतं. फार छान होतं."

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "त्याच दिवशी संपवलं."

गर्दी जेवणाच्या मंडपाकडे वळली तेव्हा नागिसा होडीत एकटीच बसून हाताचे फोड बघत होती. आजोबा काठ्या कापडात गुंडाळत होते. गुंडाळून झाल्या, परत सोडल्या, परत गुंडाळल्या. तिने ओळखलं, त्यांना काहीतरी बोलायचंय. एरवी तिने तेवढ्यावरून समजून घेतलं असतं, आणि काही न बोलता मान डोलावली असती. आज ती नुसती थांबली.

"ओसाकाचं पाणी जड असतं म्हणतात," आजोबा समुद्राकडे बघत म्हणाले.

ती हातावरच्या फोडांवर फुंकर घालत राहिली.

"उन्हाळ्यात तिथे फार उकडतं. इथे आपली हवा..." वाक्य त्यांनी अर्ध्यात सोडलं. वाट पाहिली. नागिसा वाट पाहत होती. म्हाताऱ्याने एक लांब श्वास घेतला, आणि सत्तर वर्षांत जे कुणाकडे केलं नव्हतं ते केलं. तिच्याकडे तोंड वळवलं.

"नागिसा, दर वर्षी जत्रेला घरी ये. कितीही शीक, कुठेही राहा. पण ये. मला तू इथे हवीस."

नागिसाने निळ्या पट्ट्याने डोळे पुसले.

"येईन, आजोबा," ती म्हणाली. "ते वल्हं दुसऱ्या कुणाला देऊ नका. ते मला हवंय."

"अहो, येताय की नाही दोघं?" शिगेओकाका मंडपातून ओरडले. "ऑक्टोपसचा भात संपत आला!"

"आलो!" आजोबा ओरडले, आणि त्यांनी तिला होडीतून उतरायला हात दिला.